तीन ओळींचा हिरवा पडदा

फार पूर्वी नाही आणि फार लांबही नाही, एक माळ होता. माळावर लांडगे महाराजांचं राज्य होतं. राज्य कल्याणकारी होतं, म्हणजे कुणाचं कल्याण करायचं हे महाराजांनी आधीच ठरवून ठेवलेलं होतं. बाकी सगळं प्रजेच्या मतानं चाले.

माळाच्या उतारावर सशांची वस्ती होती. आता पुष्कळांना वाटतं की ससे बिळात राहतात. आमच्या माळावरचे ससे बिळं करत नाहीत. गवतात अंगापुरता खळगा करायचा आणि त्यात गप बसून राहायचं, एवढंच त्यांचं घर. त्याला दार नाही, कडी नाही, भिंत नाही. कुणाला दिसलो नाही म्हणजे घरात आहोत, असा त्यांचा हिशेब. म्हणून सशिणी पिल्लांना पळायला शिकवण्याच्या कितीतरी आधी एक गोष्ट शिकवतात: हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही.

ठमाक्का नावाची एक सशीण या वस्तीत राहत असे. तिला नुकतंच एक पिल्लू झालेलं होतं. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून त्याचं नाव टिकल्या. टिकल्या न हलण्यात इतका पटाईत होता की कधीकधी ठमाक्कालाच तो सापडत नसे. मग ती हळूच हाक मारी आणि पायाजवळचंच गवत ‘ओ’ देई. तिला याचा फार अभिमान होता.

एके दिवशी वस्तीला अगदी खेटून दौलतजी तरसानं खानावळ काढली. महाराजांनी स्वतः येऊन फीत दातानं तोडली. दारावर पाटी लागली: ‘महाराज प्रसन्न. शुद्ध मांसाहारी. फक्त नैसर्गिकरीत्या मेलेले. आमची कुठेही शाखा नाही.’

खानावळ चांगली चालली. दुपारी तर रांग लागे. रांगेत उभं राहिलं की भूक वाढते, आणि भूक वाढली की नजर इकडंतिकडं जाते. रांग उभी असे ती नेमकी सशांच्या खळग्यांसमोर. पहिल्या आठवड्यात वस्तीतली दोन पिल्लं कमी झाली, दुसऱ्या आठवड्यात पाच. दौलतजीनं खुलासा केला की पिल्लं गिऱ्हाइकाला पाहून दचकून मेली, आणि दचकून मरणं हे नैसर्गिकच असतं. पाटीवरचं एकही अक्षर त्याला बदलावं लागलं नाही.

या राज्यात कायदे नव्हते असं कुणी म्हणू नये. कायदे उत्तम होते. फार जुन्या काळी केलेला एक नियम दप्तरात होता: ‘धंदा आणि घर यांच्यामध्ये हिरव्या झाडीचा पडदा असावा. तो तीन ओळींचा आणि दाट असावा. धंद्याच्या बाजूनं पाहिलं असता घर दिसता कामा नये.’ हा नियम कुणीही रद्द केलेला नव्हता, कारण तो कुणी वाचलेलाच नव्हता. तो वाचला साळिंदर मास्तरांनी. मास्तर वस्तीतल्या पोरांना अक्षरं शिकवत. त्यांनी नियम ठमाक्काला वाचून दाखवला आणि ठमाक्का अर्ज घेऊन कचेरीत गेली.

कचेरीत पाहणी अधिकारी म्हणून घोरपडसाहेब होते. चौदा वर्षं ते एकाच जागेला चिकटून होते. अर्ज वाचून ते तातडीनं, म्हणजे सव्वा महिन्यानं, पाहणीला आले. तोवर दौलतजीनं मध्ये एक लांबलचक कापडी फलक लावून टाकला होता. त्यावर झाडी रंगवलेली होती आणि झाडीतून महाराज हसत होते. पहिल्याच वावटळीत फलकाची लक्तरं झाली. खाली वीतभर कुसळी गवत तेवढं उरलं होतं.

घोरपडसाहेब खानावळीच्या दारात पोटावर पसरले, हनुवटी जमिनीला टेकवली आणि समोर पाहिलं.

“काही दिसत नाही,” ते म्हणाले. “पडदा दाट आहे. हिरवाही आहे.”

“सायेब, जरा उभं राहून बघा की,” ठमाक्का म्हणाली.

“बाई, नियमात ‘पाहिलं असता’ असं आहे. ‘उभं राहून पाहिलं असता’ असं नाही.”

“आन् रांगेतला लांडगा काय पोटावर सरपटत येतो व्हय?”

“त्या बाबतीत लांडग्यांकडून तक्रार आलेली नाही,” असं म्हणून त्यांनी शेरा लिहिला आणि आत जेवायला गेले.

पण ठमाक्का चिवट होती. तिनं आणखी चार अर्ज केले. पाचव्या अर्जाला तिच्याबरोबर पन्नास ससे कचेरीपुढे येऊन बसले आणि हलले नाहीत. न हलण्याचा त्यांना सराव होताच. तीन दिवसांनी महाराजांपर्यंत गोष्ट गेली. महाराज दयाळू होते. ते म्हणाले, पडदा झालाच पाहिजे, पण तो कशाचा करायचा हे वरून लादणं आमच्या स्वभावात नाही. प्रजाच ठरवील. निवडणूक घ्या.

पडदा घायपाताचा असावा की लसूणघासाचा, यावर निवडणूक लागली.

घायपाताच्या बाजूनं साळिंदर मास्तर उभे राहिले. घायपात बांधावर लावतात हे माळावरच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पानं जाड, टोकाला काटा, तोंड लावायची कुणाची छाती नाही, पाणी नाही दिलं तरी जगतं. पण मास्तरांचं भाषण पडलं. ते एवढंच म्हणाले, “पडदा खायचा नसतो.” आणि खाली बसले. शिवाय प्रचारात त्यांनी प्रेमानं ज्याला ज्याला जवळ घेतलं तो तो रक्तबंबाळ होऊन विरोधात गेला.

लसूणघासाच्या बाजूनं उडाणराव उभा राहिला. उडाणराव जातीचा ससाच, पण दौलतजीच्या खानावळीत त्याची बसायची जागा ठरलेली. तिथं तो फक्त पाणी पितो, असं तो सांगत असे. त्याच्या सभेला अख्खी वस्ती लोटली.

“माझ्या लाडक्या लांब कानांच्या भावांनो आणि बहिणींनो!” उडाणराव मागच्या दोन पायांवर उभा राहिला. “आजवर तुमच्या वाट्याला काय आलं? कुसळं! सराटे! आता हे मास्तर म्हणतात, अजून काटे घ्या. मला सांगा, घायपात खाता येतं का?”

“नाही!” वस्ती गरजली.

“लसूणघास खाता येतो का?”

“येतो!”

“मग गरिबाच्या पोराच्या दारात खाता येणारा पडदा पाहिजे, की न खाता येणारा?”

यावर जो जल्लोष झाला त्यात पडदा कशासाठी पाहिजे होता हे विचारायचं राहूनच गेलं. ‘दारात घास, हाच विकास!’ ही घोषणा पोरांच्या तोंडी दिवसभर घोळत राहिली. टिकल्यालाही ती पाठ झाली. बोलताना तो तेवढा हलत असे.

मतदानाच्या आदल्या दिवशी दौलतजी स्वतः घरोघर हिंडला आणि प्रत्येक खळग्यापुढे लसूणघासाची एकेक पेंढी ठेवून गेला. ही लाच नव्हती. पेंढीवर तसं लिहिलेलंच होतं: ‘ही लाच नव्हे. नमुना.’

ठमाक्का तोवर घायपाताच्या बाजूची होती, अगदी शंभर टक्के. पण भीतीपायी तिला आठवडाभर धड चरता आलं नव्हतं आणि टिकल्याला पाजायला दूध नव्हतं. तिनं पेंढी खाल्ली. गोड होती, कोवळी होती. दुपारपर्यंत टिकल्याचं पोट भरलं आणि तो कितीतरी दिवसांनी गाढ झोपला.

आमच्या राज्यात मतदान कसं होतं ते सांगायला हवं. कागद, शाई असला खर्च महाराजांना पटत नसे. दोन खड्डे खणत. घोरपडसाहेब यादीतल्या नावापुढे खूण करत आणि मतदार आत जाऊन आपल्या पसंतीच्या खड्ड्यात एक लेंडी टाकून येई. ज्याच्या खड्ड्यात लेंड्या जास्त तो निवडून आला. त्यामुळे निवडून आलेल्यांना मतांची किंमत बरोबर ठाऊक असे.

ठमाक्का आत गेली. तोंडात अजून घासाची चव होती. ती घायपाताच्या खड्ड्यापाशी जाऊन उभी राहिली, पण तिचं मन होईना. त्यांचं खाऊन यांना कसं द्यायचं? ती वळली आणि लसूणघासाच्या खड्ड्यात मत टाकून बाहेर आली. ससा ही भलतीच प्रामाणिक जात. खाल्ल्याला जागतात. तरस खाल्ल्याला जागत नाही, म्हणून तर त्याची खानावळ चालते.

घायपाताला नऊ मतं पडली. मास्तर म्हणाले, मला दहाची आशा होती. त्यांनी ठमाक्काकडे पाहिलं नाही.

समारंभ थाटात झाला. महाराजांनी पंजानं माती उकरली, उडाणरावानं बी टाकलं, दौलतजीनं पाणी घातलं आणि तिघांनी मिळून ‘हरित सीमा अभियान’ जाहीर केलं. लसूणघास भराभरा वर आला. तीन ओळी, दाट, हिरव्यागार. पंधरा दिवसांत तो सशाच्या कानाएवढा झाला आणि रांगेतल्या गिऱ्हाइकांना खरोखरच काही दिसेनासं झालं. त्या पंधरा दिवसांत वस्तीतलं एकही पिल्लू कमी झालं नाही. एवढं श्रेय सरकारला द्यायलाच हवं.

सोळाव्या दिवशी कडेचं एक पान कुणीतरी खाल्लं. एकच. दुसऱ्या दिवशी शेजारच्यानं पाहिलं की एक पान खाल्लेलं आहे, तर त्यानं दोन खाल्ली. ठमाक्का ओळीपुढे आडवी उभी राहिली. “आरं, आपलाच पडदा हाय ह्यो! खाऊ नगा!” ती ओरडली. एक म्हातारा ससा म्हणाला, “आक्का, म्या निस्ता शेंडा खातोय, बुडखा ऱ्हातोय की.” प्रत्येकजण निस्ता शेंडाच खात होता. चार दिवस ठमाक्का उपाशी पहारा देत राहिली. पाचव्या दिवशी तिनं पाहिलं की तिच्या खळग्यापुढचा घास तेवढा शिल्लक आहे आणि बाकीचा पडदा संपलाय. मग एवढ्यानं काय अडणार, असं म्हणून तीही खाली बसली आणि खाल्लं.

घोरपडसाहेबांनी पंचनामा केला. या वेळी मात्र ते उभं राहून पाहत होते. ‘सरकारनं पडदा दिला होता. तो लाभार्थ्यांनी खाल्ला. खाताना आनंद व्यक्त केला.’ खाली अठ्ठेचाळीस पंचांच्या तोंडाला लागलेल्या हिरव्या रंगाची नोंद होती.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. नियमाप्रमाणे पडदा हवाच. तो जनतेनं निवडला आणि जनतेनंच खाल्ला, तेव्हा तो जनतेनंच भरून द्यावा. रोज खानावळ उघडी असेपर्यंत वस्तीतल्या प्रत्येकानं तोंडात लिंबाचा डहाळा धरून हद्दीवर उभं राहावं. ओळी तीन. हलू नये.

आणि ससे उभे राहिले. लांडग्यांना ससे दिसू नयेत म्हणून लांडग्यांसमोर ससे उभे केले, यात काही चुकतंय असं कचेरीत कुणालाच वाटलं नाही. घोरपडसाहेबांनी पोटावर पडून पाहिलं. मागचं एकही घर दिसत नव्हतं.

दौलतजीनं लगेच बाकडी बाहेर काढली. पाटीत एक ओळ वाढली: ‘निसर्गाच्या सान्निध्यात जेवणाची सोय.’ गर्दी दुप्पट झाली. तिसऱ्या दिवशी पहिल्या ओळीतला एक ससा संध्याकाळी परतला नाही. त्याचा डहाळा तेवढा तिथं पडला होता. ठमाक्का आणि चारपाच सशिणी कचेरीत गेल्या.

घोरपडसाहेबांनी शांतपणे वहीत लिहिलं: ‘छाटणी.’

“छाटनी? आवो, त्येला खाल्ला त्यांनी!”

“बाई, झाडी म्हटली की छाटणी आलीच. छाटल्यानं झाडी दाट होते. तुम्ही शेतकरी नाही, तुम्हाला कळणार नाही.”

“आमी झाडं न्हाई, सायेब.”

“दप्तरात आहात,” ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच समजुतीचा होता.

छाटणी नियमित होऊ लागली. ओळी विरळ झाल्या की मागचे पुढे सरकत. उडाणरावाला राज्याचा ‘वनभूषण’ किताब मिळाला. तो घेताना तो म्हणाला की माझ्या समाजानं मातीशी नातं जोडलंय. मग माणसं कमी पडायला लागली, माफ करा, रोपं कमी पडायला लागली, तेव्हा नवं फर्मान आलं: पिल्लांनाही उभं करावं. उंच रोपं मागे आणि ठेंगणी पुढे, हे बागकामाचं साधं तत्त्व आहे. त्याप्रमाणे पिल्लं पहिल्या ओळीत आली, बाकड्यांना लागून.

टिकल्या चार महिन्यांचा होता. तोंडात डहाळा धरून तो असा उभा राही की त्याच्या अंगावरचा केससुद्धा हलत नसे. शेजारची पिल्लं थरथरत, रडत, पळायला बघत. टिकल्या नाही. घोरपडसाहेबांनी त्याच्या गळ्यात चिठ्ठी अडकवली: ‘उत्कृष्ट रोप.’ घरी आल्यावर त्यानं ती आईला दाखवली.

ठमाक्काची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी ती साळिंदर मास्तरांकडे गेली. त्यांच्या डोळ्यांत डोळे घालायची तिला लाज वाटत होती.

“मास्तर, म्या तवा...”

“ठाऊक आहे मला,” मास्तर म्हणाले. “चल, कोंब आणू.”

माळाच्या पलीकडच्या एका जुन्या बांधावर घायपात माजलं होतं. मास्तरांनी उकरलं, ठमाक्कानं ओढलं आणि दोघांनी तीन कोंब आणले. तिचे ओठ फाटले होते. टिकल्याच्या जागेपुढे तिनं ते एकाला एक लावून रोवले. मोठ्या सशाच्या पोटाला लागतील एवढेच कोंब, पण टिकल्याला तेवढे पुष्कळ होते. तो मागे बसला आणि दिसेनासा झाला. ठमाक्कानं बाकड्यांच्या बाजूनं उभं राहून पाहिलं, उडी मारून पाहिलं. नाही दिसला. गेल्या कित्येक दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या नाकाला काटा बोचला आणि दौलतजीनं तक्रार केली. या तक्रारीला सव्वा महिना लागला नाही. तासाभरात घोरपडसाहेब पथक घेऊन आले.

“हे कुणी लावलं?”

“म्या,” ठमाक्का म्हणाली. “नेमात बसतंय सायेब. हिरवं हाय, दाट हाय, पल्याडचं दिसत न्हाई.”

“बाई, जनतेनं कौल लसूणघासाला दिलाय. घायपात लावणं म्हणजे जनतेचा अपमान. तुमचं स्वतःचं मत कुणाला होतं?”

 पथकानं तिन्ही कोंब मुळासकट उपटले. ठमाक्का म्हणाली, “मग म्या पोराला घरला न्हेते.” घोरपडसाहेब म्हणाले, “तसं करता येणार नाही. ते सरकारी रोप आहे, पुरस्कार मिळालेलं.” आणि तिला तिच्या जागेवर, मागच्या ओळीत, नेऊन उभं केलं.

त्या दुपारी खुद्द महाराज जेवायला आले. पहिल्या ओळीतली पिल्लं त्यांना बघून फुटली आणि वाट फुटेल तिकडं पळाली. टिकल्या उभा राहिला. महाराज त्याच्यापुढे येऊन थांबले, त्याला हुंगलं. ठमाक्का मागून ओरडली, “पळ! टिकल्या, पळ रं!” पण हे त्याला आजवर कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्याला एकच गोष्ट येत होती आणि ती तो आईनं शिकवली तशी, अगदी बरोबर, करत होता. महाराजांनी त्याला उचललं तेव्हासुद्धा तो हलला नाही. डहाळा तेवढा पडला.

ठमाक्का आठ दिवस त्या जागेवर बसून होती. ती रडली ते सगळ्या माळानं ऐकलं. मला इथं थोडं थांबावंसं वाटतं. पण कारभार थांबला नाही, तेव्हा गोष्टीलाही थांबता येत नाही. दप्तरात ‘छाटणी, एक’ अशी नोंद झाली.

पुढं हंगाम बदलला आणि पुन्हा निवडणूक लागली. पडद्याचं रोप दर हंगामाला ठरवायचं, असा नियम होता, आणि महाराज निवडणुकीचे नियम कधी मोडत नसत. पुन्हा घायपात, पुन्हा लसूणघास, पुन्हा मास्तर, पुन्हा उडाणराव. “गेल्या वेळी आपला पडदा काही स्वार्थी लोकांनी खाल्ला!” उडाणराव म्हणाला, आणि प्रत्येकानं शेजारच्याकडे पाहिलं. मतदानाच्या आदल्या दिवशी पेंढ्या आल्या. या वेळी दोन-दोन.

पण या वेळी दौलतजीच्या पाठोपाठ ठमाक्काही खळग्याखळग्यातून हिंडली. ती ओळखू येत नव्हती, इतकी वाळली होती.

“पेंढी घ्या,” ती म्हणाली. “खावा. पोरास्नी बी चारा. पन जागू नगा.”

“आक्का, खाऊन उलटायचं? पाप लागंल की.” म्हाताऱ्या सशानं कानाला हात लावले.

“पाप माझ्या नावावर. मागल्या टायमाला म्या खाल्ल्याला जागले. त्येचं काय झालं ते तुमी बघितलंय.”

 ससे रात्रंदिवस भ्यायलेले असतात, पण सगळ्यात जास्त भितात ते बेइमानीला. त्या भीतीवर पाय देऊन जायचं, हे त्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या खळग्यात बसून, एकट्यानं ठरवलं.

सकाळी मतदानाला गेले तर सगळे बघतच राहिले. मत गुप्त राहावं म्हणून दोन्ही खड्ड्यांभोवती सरकारनं आडोसा केला होता. कुंड्यांमध्ये लावलेलं, पुरुषभर उंचीचं घायपात. तीन ओळी, एकाला एक लागून. ठमाक्कानं पोटावर पडून पाहिलं, उभं राहून पाहिलं, उडी मारून पाहिलं. आतलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पडदा कसा असतो ते वस्तीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आदल्या संध्याकाळपासून तो उभा होता म्हणे, आणि मतमोजणी होताच काढून नेणार होते.

वस्तीत आता एकसष्ट ससे उरले होते. एकसष्टच्या एकसष्ट आत गेले, पोटात दौलतजीची पेंढी घेऊन, आणि घायपाताला मत देऊन आले. बाहेर येताना ते एकमेकांकडे बघत होते आणि त्यांचे कान प्रथमच ताठ उभे होते.

संध्याकाळी घोरपडसाहेबांनी निकाल वाचला. घायपाताला एकसष्ट. लसूणघासाला त्र्याहत्तर. उडाणराव विजयी.

ढोल वाजायला लागले. ठमाक्का मास्तरांना घेऊन पुढे झाली आणि यादी बघायला मागितली. यादी बघायला मिळाली, त्यात लपवालपवी काही नव्हती. मास्तर एकेक नाव वाचत गेले. पहिल्या आठवड्यात दचकून मेलेली दोन पिल्लं, दुसऱ्या आठवड्यातली पाच, मग पहिल्या ओळीतला तो पहिला ससा, मग बाकीचे. प्रत्येक नावापुढे खूण होती. सगळ्यांनी मतदान केलं होतं. छाटलेल्यांमध्ये शंभर टक्के मतदान झालं होतं, आणि कुणाचंही मत फुटलं नव्हतं.

शेवटून चौथ्या नावाशी मास्तर थांबले. मग त्यांनी वाचलं, “टिकल्या. आईचं नाव ठमा. वय चार महिने. मत दिलं.”

ठमाक्कानं त्या खुणेवर पाय ठेवला. कितीतरी वेळ तो उचलला नाही.

“हे माजं पोर हाय, सायेब,” ती म्हणाली. “त्येनं त्यास्नी मत दिलं न्हाई. ही खून खोडा.”

घोरपडसाहेबांनी मान हलवली. ते चिडले नव्हते. अशा अर्जांची त्यांना सवय होती.

“हरकत घ्यायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, बाई,” ते म्हणाले. “पण ज्याचं मत, त्याचीच हरकत. त्यानं स्वतः समक्ष येऊन सांगावं, की मी मत दिलेलं नाही. लगेच खोडतो.”

हरकतीसाठी सात दिवसांची मुदत होती. मुदतीत कुणीही आलं नाही. निवडणूक शांततेत पार पडली, असं दप्तरी नमूद आहे.